अंगणात उतरलेली शाळा

अंगणवाडी हा शब्द आज इतका सरकारी झाला आहे, की तो कुणा एका व्यक्तीच्या मनात कधीतरी प्रथम उमटला असेल, असे वाटतही नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तिच्या केंद्रांना हे नाव मिळाले आणि मग ते देशभर पसरले. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या खेड्यापाड्यांत आज या नावाची पाटी दिसते. पण हा शब्द मुळात डहाणू तालुक्यातल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावात, योजनेच्या तीसेक वर्षे आधी जन्मला. तो जन्मला एका अडचणीतून. शाळा होती, शिकवणाऱ्या बाई होत्या, साधने होती. मुले मात्र येत नव्हती. मुले येत नाहीत, तर आपण त्यांच्या अंगणात जाऊ, असे ज्यांनी ठरवले त्या ताराबाई मोडक.

शिक्षणाच्या इतिहासात ताराबाईंचा उल्लेख बहुधा भारताच्या माँटेसरी म्हणून होतो. हे बिरूद गौरवाचे आहे, पण ते त्यांच्या आयुष्यातला अर्धाच भाग सांगते. एका परदेशी पद्धतीचा त्यांनी निष्ठेने अभ्यास केला, ती मराठी आणि गुजराती घरांत रुजवली, हा पहिला अर्धा. ती पद्धत ज्यांच्यासाठी होती त्यांच्यापर्यंत ती पोहोचतच नाही, हे ध्यानात आल्यावर वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांनी सारे पुन्हा पहिल्यापासून आरंभले, हा दुसरा. त्यांचे मोठेपण या दुसऱ्या अर्ध्यात अधिक आहे.

सुधारकी घर, मोडलेला संसार

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर आणि आई उमाबाई. घरावर प्रार्थना समाजाचा संस्कार होता. मुलीने शिकावे, चारचौघांत मोकळेपणी वावरावे, आपले मत आपण बनवावे, या गोष्टी त्या काळच्या बहुसंख्य घरांत अपवादानेही घडत नव्हत्या. केळकरांच्या घरात त्या स्वाभाविक होत्या. ताराबाई १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पदवीधर स्त्रिया तेव्हा मोजक्याच होत्या.

पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सुशिक्षित, आधुनिक विचारांचे असे हे जोडपे. परंतु संसार टिकला नाही. १९२१ मध्ये ताराबाई वेगळ्या झाल्या, तेव्हा त्यांच्या पदरी लहानगी प्रभा होती. नवऱ्यापासून वेगळी झालेली स्त्री, कडेवर मूल आणि चरितार्थाची जबाबदारी, हे चित्र शंभर वर्षांपूर्वीच्या समाजात किती अवघड होते, ते सांगायला नको. रत्नाकर मतकरी यांनी ‘घर तिघांचं हवं’ हे नाटक लिहिताना ताराबाईंच्याच आयुष्याचा आधार घेतला. त्या शीर्षकातच या आयुष्याची सल उतरली आहे.

ताराबाईंनी राजकोटला बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदाची नोकरी पत्करली. शिक्षिका घडवणारी ही संस्था होती. पद मानाचे होते, पगार चांगला होता. आयुष्याला जेमतेम स्थैर्य आले होते. याच सुमारास सौराष्ट्रातल्याच भावनगर येथे चाललेल्या एका वेगळ्या शाळेची वार्ता त्यांच्या कानी आली. आपल्या मुलीसाठी चांगली शाळा शोधणारी आई आणि शिक्षणाचे मर्म शोधणारी प्राचार्या, या दोघींनाही जे हवे होते ते भावनगरला सापडण्याची शक्यता दिसत होती. १९२३ मध्ये ताराबाई नोकरी सोडून भावनगरला गेल्या.

वकील गुरुजींचे बालमंदिर

भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका हे गृहस्थ लहान मुलांमध्ये रमले होते. मूळचे ते वकील. १९१३ मध्ये मुलगा झाला, त्याच्या शिक्षणाची चिंता करता करता त्यांच्या हाती मारिया माँटेसरी यांचे लेखन आले आणि वकिली मागे पडली. १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केले. गुजरातने पुढे त्यांना मिशाळी आई असे लाडके नाव दिले.

बालमंदिरात जे चालले होते त्याचे नवल कळण्यासाठी त्या काळचा प्राथमिक वर्ग डोळ्यांसमोर आणायला हवा. मुले रांगेत मांडी घालून बसत. गुरुजी सांगत ते एका सुरात म्हणत. पाढे, कविता, राजांच्या सनावळ्या, नद्यांची नावे, सारे काही पाठांतराच्या एकाच जात्यातून निघे. चुकले की छडी ठरलेली. मुलाचे हात फक्त पाटीवर अक्षर गिरवायला आणि छडी झेलायला असत. डोळ्यांना, कानांना, पायांना वर्गात काही कामच नव्हते.

माँटेसरी यांनी नेमके हेच उलटे केले होते. लहान मूल हातांनी शिकते, हा त्यांच्या साऱ्या विचाराचा पाया. म्हणून त्यांनी साधने घडवली. एकाहून एक लहान होत जाणारे दहा ठोकळे, ज्यांचा मनोरा रचताना लहानमोठेपणाची जाण येते. दहा सेंटिमीटरपासून एक मीटरपर्यंत वाढत जाणाऱ्या दहा दांड्या, ज्या हाताळताना एक ते दहा ही संख्या डोळ्यांना दिसते आणि हातांना जाणवते. खरखरीत कागदातून कापलेली अक्षरे, ज्यांवरून बोट फिरवत मूल लिहिण्याआधीच अक्षराचे वळण शिकते. साधन असे घडवलेले, की चूक झाली तर ती मुलाला स्वतःलाच दिसावी. बाईंनी दाखवून देण्याची गरज पडू नये. बाईंचे काम पाहण्याचे, हवे तेव्हा मदत करण्याचे आणि नको तेव्हा दूर राहण्याचे.

ताराबाईंनी ही पद्धत नुसती आत्मसात केली नाही, तिला गिजुभाईंच्या जोडीने इथल्या मातीतले रूप दिले. गोष्ट, गाणे, नाटक, सण, लोककथा यांना बालमंदिरात मोठे स्थान मिळाले. माँटेसरी यांच्या मूळ आखणीत कल्पित गोष्टींना फारशी जागा नव्हती. भावनगरला मात्र गोष्ट हाच मुलांच्या मनात शिरण्याचा राजमार्ग ठरला. ज्या देशात आजीच्या गोष्टींवर पिढ्या वाढल्या, तिथे हा बदल अपरिहार्यच होता.

चौथीच्या वर्गातले प्रयोग

हीच दृष्टी प्राथमिक शाळेत नेली तर काय घडेल, याचे उत्तर गिजुभाईंनी ‘दिवास्वप्न’ या पुस्तकात दिले. एक शिक्षक सरकारी शाळेतला चौथीचा वर्ग वर्षभरासाठी मागून घेतो, अशी त्याची कल्पना. पहिल्याच दिवशी हा शिक्षक शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि सपशेल फसतो. मुले दंगा करून वर्ग डोक्यावर घेतात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो आणि वर्ग चित्रासारखा स्तब्ध होतो. इथून पुढे वर्षभर जे होते, ते आजच्या शिक्षकानेही पाहण्याजोगे आहे.

गोष्टींतून वाचनाची भूक जागी होते. सगळ्यांनी एकच पाठ्यपुस्तक विकत घेण्याऐवजी त्याच पैशांतून निरनिराळी पुस्तके आणली जातात आणि वर्गाचे छोटे वाचनालय उभे राहते. व्याकरण खेळातून येते. इतिहास गोष्टीच्या वाटेने येतो. नाटक पाठांतराशिवाय, मुलांच्या स्वतःच्या शब्दांत होते. अंग स्वच्छ ठेवणे, नखे कापणे, केस विंचरणे हाही अभ्यासाचाच भाग ठरतो. आणि या साऱ्यात परीक्षा, वरिष्ठ अधिकारी, संशयी सहकारी आणि अस्वस्थ पालक यांच्याशी त्या शिक्षकाला पदोपदी झगडावे लागते. वर्ग बदलणे कठीण नसते, वर्गाभोवतीची माणसे बदलणे कठीण असते, हे त्या पुस्तकाचे सार आहे.

ताराबाई या वातावरणात सुमारे नऊ वर्षे वावरल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. शिक्षण पत्रिका हे मासिक गुजरातीपाठोपाठ मराठीतही निघू लागले, त्याची धुरा त्यांनी वाहिली. बालशिक्षणाच्या शिक्षिका तयार करण्याचे कामही चालू झाले. पालकांनी मुलांना मारू नये, धाक दाखवू नये, मुलाच्या प्रश्नाला उत्तर द्यावे, अशा आज साध्या वाटणाऱ्या गोष्टी त्या पत्रिकेतून महिनोन्महिने, वर्षानुवर्षे सांगितल्या गेल्या. आपल्या घरांत मुलांशी बोलण्याची रीत हळूहळू बदलली, त्यामागे अशा चिकाटीच्या लेखनाचाही हात आहे.

दादरचे यश आणि एक टोचणी

१९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केले. मध्यमवर्गीय मराठी वस्तीत ही शाळा लवकरच नावारूपाला आली. शिक्षिकांसाठी अध्यापन मंदिर निघाले. आपल्या मुलाला शिशुविहारात घालणे हे सुशिक्षित पालकांना अभिमानाचे वाटू लागले. सर्वसाधारण माणसाने इथे समाधान मानले असते. एकट्या स्त्रीने स्वतःच्या बळावर उभारलेली, गाजलेली संस्था हे आयुष्याचे पुरेसे संचित होते.

ताराबाईंना मात्र एक गोष्ट टोचत होती. माँटेसरी यांची पहिली शाळा ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब कामकऱ्यांच्या वस्तीत सुरू झाली होती. आईबाप कामावर गेल्यावर जिन्यांवर आणि आवारात मोकाट भटकणाऱ्या मुलांसाठी ती होती. म्हणजे जी पद्धत गरिबांच्या मुलांमध्ये जन्मली, ती जगभर फिरत फिरत सुखवस्तू घरांच्या मुलांची होऊन बसली होती. भारतातही तेच घडत होते. अचूक मापाची लाकडी साधने महाग पडत. त्यांना कपाटे लागत, ऐसपैस खोल्या लागत, प्रशिक्षित बाई लागत. ज्या देशातली बहुसंख्य मुले खेड्यांत राहतात, तिथे ही शाळा कुणासाठी, हा प्रश्न टाळता येण्याजोगा नव्हता.

गांधीजींचा आक्षेपही साधारण याच स्वरूपाचा होता. खेड्यात जी परवडत नाही ती पद्धत देशाची होऊ शकत नाही. १९३९ मध्ये गिजुभाईंचे निधन झाले. बालशिक्षण खेड्यापर्यंत नेण्याचे काम राहून गेले होते, ते आता ताराबाईंकडे आले. १९४५ च्या प्रारंभी सेवाग्रामच्या परिषदेत नयी तालीमचा विस्तार होऊन सात वर्षांखालच्या मुलांचे शिक्षणही तिच्या कक्षेत घेतले गेले. विचार बदलत होता. प्रत्यक्ष कुणीतरी जाऊन करून दाखवणे बाकी होते.

बोर्डीचा धडा

ताराबाईंनी बोर्डी निवडली. तिथे आचार्य शंकरराव भिसे यांनी शिक्षणाचे मोठे काम उभे केले होते, त्यांचा आधार होता. १९४५ मध्ये ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. त्याच काळात कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात ताराबाईंची भेट अनुताई वाघ यांच्याशी झाली. बालपणीच वैधव्य आलेल्या, जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई तेव्हा पस्तिशीत होत्या. त्या बोर्डीला आल्या आणि पुढची सारी हयात त्या परिसराच्याच झाल्या.

गावाच्या मध्यभागी बालवाडी उघडली. पण गावकुसाबाहेरच्या वस्तीतली मुले तिकडे फिरकेनात. कारणे शोधली तेव्हा एकेक उलगडू लागले. आईबाप पहाटे कामावर जातात, मुलाला तयार करून पाठवणारे घरी कुणी नसते. थोरल्या बहिणीच्या कडेवर धाकटे भावंड असते. अंगावर धड कपडा नसतो. आणि ज्या आळीत एरवी पाऊल ठेवायची मुभा नाही, तिथल्या शाळेत आपल्या मुलाला कुणी बसू देईल, यावर कुणाचा विश्वास नसतो.

येथे ताराबाईंनी जे केले ते वरकरणी साधे होते. त्यांनी मुलांना बोलावणे थांबवले आणि शाळाच त्यांच्या वस्तीत नेली. एखाद्या घरापुढचे अंगण झाडून घ्यायचे, तिथेच मुले जमवायची, विहिरीच्या पाण्याने त्यांना आंघोळ घालायची, नखे काढायची, केस विंचरायचे आणि मग गाणे, गोष्ट, खेळ. गावातली मध्यवर्ती बालवाडी चालूच राहिली. तिच्या जोडीला ही अंगणातली वाडी आली. अंगण सर्वांना दिसणारे असते. आई काम करता करता पाहते, आजी ओट्यावर बसून ऐकते, धाकटे भावंड रांगत मध्ये येते. शाळेत काय चालते, याविषयीचा संशय तिथे आपोआप विरतो. मुलाबरोबर घरही शिकू लागते.

शिंपले, खडे आणि बिया

उरला साधनांचा प्रश्न. लाकडी ठोकळे अंगणात कुठून येणार? पण साधनामागचे तत्त्व एकदा नीट कळले, की साधन कुठेही सापडते. बोर्डीच्या किनाऱ्यावर शंख-शिंपल्यांची वाण नव्हती. ओढ्यात खडे होते, झाडांखाली बिया होत्या. पाने आणि फुले तर दर ऋतूत नवी. ठोकळ्यांच्या मनोऱ्यातून मूल जो लहानमोठेपणा शिकते, तो शिंपल्यांची रांग लावतानाही शिकते. दांड्यांतून जी संख्या उमगते, ती बिया मोजतानाही उमगते; दहा बियांचा ढीग हा दहाच असतो. पानांचे आकार, फुलांचे रंग, खड्यांचा गुळगुळीत-खरखरीत स्पर्श, ओल्या मातीवर बोटाने काढलेले अक्षर, या साऱ्यांतून इंद्रियांचे तेच शिक्षण होते, ज्यासाठी शहरात पैसे मोजावे लागत.

यात एक फरक मात्र होता आणि तो ताराबाईंच्या बाजूने होता. कारखान्यात घडलेले साधन शाळेच्या कपाटात राहते. शिंपला घरी नेता येतो. मुलाने शाळेत जे केले ते संध्याकाळी ते आपल्या अंगणात पुन्हा करू शकते, धाकट्याला दाखवू शकते. शाळा आणि घर यांमधला उंबरठा असा हळूच पुसला गेला.

तरीही हे काम स्वस्त होते म्हणून सोपे होते, असे समजणे चुकीचे ठरेल. तयार साधनाबरोबर तयार कृतीही मिळते. खड्यांतून आणि पानांतून शिकवायचे तर बाईंना रोज विचार करावा लागतो. आज कोणते पान, त्यातून कोणती जाण, कालच्या कृतीपुढची आजची पायरी कोणती, हे ज्याला ठरवता येत नाही त्याच्या हाती पाने ही पानेच राहतात. म्हणून ताराबाईंचा भर अखेरपर्यंत शिक्षिका घडवण्यावर राहिला. साधनांवर वाचवलेला खर्च त्यांना माणसांवर करायचा होता.

कोसबाडची टेकडी

बोर्डीच्या आसपासच्या डोंगराळ भागात वारली समाजाचे पाडे पसरलेले. ज्या वर्षी ताराबाई बोर्डीला आल्या, त्याच १९४५ मध्ये या टापूतल्या वारल्यांनी वेठबिगारी आणि लग्नगडी यांविरुद्ध गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली लढा उभारला होता. सावकार आणि जमीनदार यांच्या दहशतीत पिढ्या घालवलेल्या या माणसांना शाळा ही दुसऱ्या कुणाची तरी वस्तू वाटत असली, तर ते साहजिक होते. १९५७ च्या सुमारास ताराबाईंनी आपले केंद्र कोसबाडच्या टेकडीवर, या पाड्यांच्या जवळ हलवले. वय पासष्टीला आले होते.

अंगणाचा धडा इथे आणखी पुढे गेला. वारल्यांची सहा-सात वर्षांची मुले अंगणातही सापडत नसत. ती गुरे घेऊन रानात जात. मग शाळाही रानात गेली. गुरे चरत आहेत, एखाद्या झाडाखाली चारदोन मुले आणि शिक्षिका, अशी ही कुरणशाळा. तिथे घंटा नव्हती, फळा नव्हता, हजेरीचा धाक नव्हता. एखादे गुरू भलतीकडे गेले, की मुलगा उठून त्याला वळवून येई आणि पुन्हा बसे. मोजायला गुरे होती. झाडे, पक्षी, गवताच्या जाती यांविषयी मुलांना बाईंपेक्षा जास्त ठाऊक होते. त्या माहितीलाच भाषेचे, अंकांचे, चित्राचे रूप द्यायचे होते. मुलाला जे येते तिथून आरंभ करावा, हे शिक्षणशास्त्रातले वचन पुस्तकात वाचणे वेगळे आणि गुरांमागे चालत ते जगणे वेगळे.

कोसबाडचा दुसरा प्रयोग म्हणजे विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा या तिन्ही एकाच आवारात. यामागचा हिशेब कुठल्याही पाड्यावरच्या बाईला पटेल असा होता. आठ वर्षांची मुलगी शाळेत का येत नाही? तिला तान्ह्या भावाला सांभाळायचे असते. त्या भावाची सोय शाळेशेजारीच झाली, की ती वर्गात बसू शकते. मधल्या वयाचे भावंड बालवाडीत जाते. तिघे एकत्र येतात, एकत्र घरी जातात. शिवाय बालवाडीतून पहिलीत जाताना मुलाला नवा माणूस, नवी जागा, नवी शिस्त यांचा धक्का बसत नाही. खेळता खेळता शिकणारे मूल पहिलीच्या बाकावर अचानक गप्प होते, तसे इथे होत नाही.

मुली शाळेत का गळतात, या प्रश्नावर पुढच्या काळात पुष्कळ अभ्यास झाले. ताराबाईंनी त्या प्रश्नाचे उत्तर कागदावर मांडण्याआधी पाळणा बांधून दिले होते.

एक न सुटलेला पेच

या कामाकडे केवळ भक्तिभावाने पाहणे ताराबाईंनाही रुचले नसते. कुरणशाळेबद्दल एक रास्त शंका घेता येते. मूल गुरे राखते, म्हणून शाळा कुरणात न्यायची, यात मुलाने गुरे राखावीत हे आपण मान्य करतो का? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला पूर्णवेळ शाळेचा हक्क दिला. आजच्या दृष्टीने त्या मुलाच्या हातातली काठी काढून घेणे हे पहिले कर्तव्य ठरते.

शंका खरी आहे, पण तिला काळाचा संदर्भ आहे. १९५० च्या दशकात त्या पाड्यांवर मुलाची गुरे वळण्याची मजुरी गेली असती, तर घरची चूल अडखळली असती. कायदा नव्हता, वसतिगृहे नव्हती, दुपारचे जेवण नव्हते. मुलाला आदर्श शाळेची वाट पाहत ठेवायचे, की आहे त्या स्थितीत आज काही द्यायचे, या निवडीत ताराबाईंनी दुसरी बाजू घेतली. कुरणशाळा ही त्यांच्या दृष्टीने शाळेच्या वाटेवरची पायरी होती. ती शेवटचा मुक्काम नव्हती. विकासवाडी उभारण्याची त्यांची धडपड याचीच साक्ष देते.

मागे काय उरले

ताराबाई काही काळ मुंबई विधिमंडळाच्या सदस्य होत्या. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण किताब मिळाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी देशाने अंगणवाडी हे नाव उचलले. आपल्या अंगणाचा एवढा विस्तार त्यांना पाहायला मिळाला नाही.

कोसबाडचे काम अनुताईंनी १९९२ मध्ये आपला देह ठेवीपर्यंत चालवले. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या आत्मकथनात त्यांनी त्या वर्षांचा वृत्तान्त लिहिला. १९८२ मध्ये अनुताई आणि प्रा. रमेश पानसे यांनी ग्राममंगल ही संस्था स्थापन केली आणि त्या परिसरातल्या मुलांसाठी कृतीतून शिकण्याचा धागा पुढे नेला.

नाव मात्र जितके पसरले तितके त्यातले मर्म पसरले का, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. अंगणवाडीशी आज आपण पोषण आहार, लसीकरण, वजनाच्या नोंदी यांची सांगड घालतो. ही कामे महत्त्वाची आहेतच. भुकेल्या मुलाला गोष्ट सांगता येत नाही, हे ताराबाईंनाही ठाऊक होते. परंतु सकाळी तासभर शिंपले मांडणे, गाणे म्हणणे, गोष्ट ऐकणे, मातीत बोट फिरवणे हा जो या शब्दाचा गाभा, तो नोंदवह्यांच्या ढिगाखाली दबण्याचा धोका सतत असतो. दुसरीकडे शहरांत बालवर्गाचे शुल्क वाढत गेले, तीन वर्षांच्या मुलाला गृहपाठ मिळू लागला आणि माँटेसरी हे नाव अनेक ठिकाणी फक्त फलकावर उरले. गावातले अंगण आणि शहरातला फलक, दोन्हीकडे शब्द टिकले. त्यांमागची दृष्टी मात्र पुन्हा पुन्हा शोधावी लागते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला. अंगणवाडी किंवा बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरीची दोन, असा हा सलग पाच वर्षांचा प्रवास. त्यात खेळ आणि कृती यांवर भर. कागदावर हे नवे आहे. कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणून ताराबाईंनी हाच पूल साठ-सत्तर वर्षांपूर्वी बांधला होता.

धोरणाला आज ज्याची खरी उणीव भासेल, ती गोष्ट मात्र कोणत्याही दस्तऐवजात लिहून देता येत नाही. मूल शाळेत आले नाही, की आपण मुलाला, त्याच्या आईबापांना, त्याच्या परिस्थितीला बोल लावतो. ताराबाईंनी तो दोष शाळेकडे घेतला आणि शाळा बदलली: आधी गावातून अंगणात, मग अंगणातून कुरणात. आज पहिलीच्या वर्गात गप्प बसलेले एखादे मूल पाहून त्याच्या बाई स्वतःला तोच प्रश्न विचारत असतील, तर ताराबाईंची शाळा अजून भरते आहे.